गमबुटांचे तीन जोड

सोमवार, दुपार

प्रिय पाचनंबरी,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे, तुझी सासू ठणठणीत आहे आणि माझा गुडघा पूर्वी दुखायचा तेवढाच दुखतो. फोनवर हल्ली आपण दोघंही हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवून देतो, म्हणून म्हटलं लिहावं. तीन महिने झाले, तुझे निरोप येतात ते दोन ओळींचे. 'बाबा, मी बरी आहे. आईंना नमस्कार.' अगं, वीजकंपनीसुद्धा याहून लांब लिहिते. गेल्या महिन्यात तू येणार होतीस, तेही रद्द केलंस. चार वर्षांत पहिल्यांदा. त्याबद्दलच बोलायचं आहे, पण आधी बातमी सांगतो. मी बोट ठरवली. खोल समुद्रात जाऊन मासे धरायची, पूर्ण दिवसाची, फक्त आपल्यापुरती. पुढच्या महिन्याचा दुसरा सोमवार, उजाडताना निघायचं आणि दिवस मावळायच्या आत परत. गंगेत घोडं न्हालं एकदाचं.

हे भिजत घोंगडं किती वर्षांचं आहे ते तू जाणतेसच. आमचा पोरगा बारा वर्षांचा असताना आम्ही बापलेक धक्क्यावर गळ टाकून बसलो होतो. दिवसभर बसून माझ्या करंगळीएवढा एक मासा सापडला, तोही त्याने दया येऊन सोडून दिला. तेव्हा ठरलं की एकदा खरीखुरी बोट घ्यायची आणि जिथून किनारा दिसत नाही तिथवर जायचं. मग तो दर वर्षी बोटवाल्यांची पत्रकं गोळा करून आणायचा आणि मी दर वर्षी काहीतरी खुसपट काढायचो. शाळा उघडायच्या आधी पोरांचे बूट, थंडीत मोठ्यांचे बूट, मधल्या दिवसांत लग्नघरचे बूट. एक दिवस दुकान बंद ठेवलं असतं तर माणसं काही अनवाणी फिरली नसती, पण हे शहाणपण मला आत्ता सुचतंय. तुमचं लग्न झाल्यावर त्याने यादीत तुझंही नाव घातलं. मग तो आजारी पडला. हॉस्पिटलच्या खाटेवरसुद्धा पत्रकं उशाशी घेऊन पेन्सिलीने खुणा करत बसायचा. 'बाबा, या वेळी नक्की ना?' मी म्हणायचो, तू बरा हो, की लगेच. तो काही बरा झाला नाही. तुझा नवरा गेला, आमचा मुलगा गेला, आणि ती पत्रकं माझ्या दुकानातल्या खिळ्यांच्या खणात पडून राहिली. चार वर्षं मी तो खण अर्धाच उघडायचो. पुढचे खिळे संपले की नवीन आणायचो, पण हात मागे घालायचो नाही.

तर गेल्या महिन्यात मी तो खण पूर्ण बाहेर ओढला. त्याने खुणा केलेल्या पाच बोटींपैकी तीनच अजून चालू आहेत. दुकानाची सोमवारची सुटी बघून आम्ही नवरा-बायको बंदरावर गेलो. तुझी सासू सोबत आली ती मी कुणाच्याही गोड बोलण्याला भुलू नये म्हणून. आता मला सांग, बोटीतलं मला काय कळतं? इंजिन बघून मी मान डोलावली तरी समोरच्याला समजतं की या म्हाताऱ्याला काही समजलेलं नाही. म्हणून मी मला जे कळतं ते बघितलं. मी त्यांचे पाय बघितले.

पहिली बोट पांढरीशुभ्र, बसायला गाद्या, वर छत. कप्तान म्हणाला, मासा मिळाला नाही तर नाव बदलीन. त्याच्या पायात चकचकीत चामडी बूट, तळही चामड्याचा, आणि त्या तळाला पाण्याचा एक डाग नाही. ओल्या फळ्यांवर असा माणूस सगळ्यात आधी आडवा होईल. हा बोटीवर फोटोपुरता चढत असावा. दुसरा होता तरतरीत, बोलायला चांगला, बोटही वेगवान, पण त्याच्या उजव्या बुटाची नाडी वीतभर लोंबत होती. जिथे पायाखाली दोऱ्या आणि गळ, तिथे ज्याला स्वतःची नाडी दिसत नाही त्याला दुसऱ्याचा अडकलेला पाय काय दिसणार? मी त्याला तसं सांगितलंही. तो हसला, पण नाडी काही बांधली नाही.

तिसऱ्या बोटीची कप्तान एक बाई आहे. पन्नाशीची, आवाज खरखरीत, हसायची सवय नाही. बोट जुनी, रंग उडालेला, पण प्रत्येक दोर आपापल्या जागी गुंडाळलेला. तिच्या पायात गमबूट होते आणि डाव्या टाचेवर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं. मी खाली वाकून बघितलं. चारही कोपरे गोल कापलेले, कड घासून सपाट केलेली. चौकोनी ठिगळाचा कोपरा आधी सुटतो, हे माझ्याकडे शिकायला आलेल्या भल्याभल्यांना वर्षभर सांगावं लागायचं. या बाईला कुणी न शिकवता ठाऊक होतं. ती म्हणाली, 'तुम्ही बोट बघायला आलात की माझे पाय?' तुझी सासू म्हणाली, 'त्यांना दुसरं काही दिसतच नाही, लग्नात माझं तोंडसुद्धा त्यांनी शेवटी पाहिलं.' यावर ती बाई पहिल्यांदा हसली. मग तिने एकच वाक्य सांगितलं आणि मी तिथेच ठरवून टाकलं. 'मासा मिळेलच असं मी म्हणत नाही. परत आणीन, एवढं म्हणते.' घरी येऊन पत्रक उलटून बघितलं तर मागे आपल्या पोराच्या, त्या आठ नंबरच्या, अक्षरात लिहिलेलं होतं, 'कप्तान बाई आहे. बाबांना चालेल का?' चाललं रे बाबा. उशिरा का होईना, चाललं.

ती कप्तानबाई मोठी कडक आहे. नाव लिहून घेण्याआधी तिने मला शाळेतल्या पोरासारखं उभं करून प्रश्न विचारले. किती जण, वजनं काय, पोहायला कुणाला येतं, बोट लागते कुणाला, चालताना कुणाचा तोल जातो का, आणि गमबूट कुठल्या नंबरचे काढून ठेवू. मी म्हटलं तीन जण. तुझ्या सासूने आधीच हात वर केले होते. तिला झोपाळ्यावरसुद्धा गरगरतं, ती धक्क्यावरच्या बाकावर थर्मास घेऊन बसणार आहे. माझं वजन मी सांगितलं तेव्हा ती मागून खाकरली, म्हणून मग खरं सांगितलं. बुटांचे नंबर मी सांगितले ते असे. माझा सात, तुझा पाच. तिसरा सांगण्याआधी मी चष्मा काढून पुसला. कप्तानबाईने पेन्सिल उचलून माझ्याकडे बघितलं. मग मी सांगितला. या तिसऱ्या माणसाची माझी-तुझी ओळख वेगवेगळी आहे, आणि त्याचं काय ते पुढे लिहितो, कारण सगळं पत्र मी त्यासाठीच लिहायला घेतलंय आणि अजून माझा धीर होत नाहीये.

तयारी मात्र जोरात चाललीय. औषधांच्या दुकानवाल्याने गोळी दिलीय, आदल्या संध्याकाळी एक आणि निघायच्या आधी एक. तो म्हणाला, नजर लांब ठेवा, पायाकडे बघू नका. मला! जन्मभर पायाकडे बघून पोट भरलेल्या माणसाला! सवय व्हावी म्हणून मी बागेतल्या झोपाळ्यावर वीस मिनिटं बसलो, तर रखवालदाराने शिट्टी वाजवून उठवलं, झोपाळा बारा वर्षांखालच्यांसाठी आहे म्हणे. तुझ्या सासूने उन्हासाठी तोंडाला लावायचं मलम आणलंय आणि ते मला चालतं का बघायला मी सकाळी लावून दुकानात बसलो. पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, घरी रंगकाम काढलंय का? गळाची गाठ मात्र त्या दिवशी बंदरावर मी पहिल्याच फटक्यात मारली. मेणदोऱ्याने पन्नास वर्षं तळ शिवलेत, ती बोटं कुठे जाणार? कप्तानबाईने गाठ ओढून बघितली, पायाने दाबून ओढली, शेवटी पकडीने ओढली. सुटली नाही. माझं नाव यादीत होतं त्यापुढे तिने एक बारीक टिंब दिलं.

आता तू पाठवलेले ते काळे बूट.

तू दर सहा महिन्यांनी तुझ्या चपला पार्सलने पाठवतेस. तिकडे आठ तासांच्या अंतरावर जोडे शिवणारे नाहीत असं नाही, पण तुला सासऱ्याचाच टाका लागतो, आणि मी त्या कौतुकावर महिनाभर जगतो. तीन महिन्यांपूर्वी त्या पिशवीत चपलांखाली एक पुरुषाचा बुटांचा जोड होता आणि तुझी चिठ्ठी होती, 'बाबा, हे ऑफिसमधल्या एका ओळखीच्यांचे. उजव्या टाचेचं बघाल का? घाई नाही.' मी चष्मा लावला आणि बूट हातात घेतला. नऊ नंबर. वजन सत्तरच्या आसपास, तळाच्या झिजेवरून तेवढं कळतं. उजवा पाय थोडा आखूड, म्हणून टाच बाहेरून खाल्लेली. नाडी मापात, दुहेरी गाठीच्या खुणा, म्हणजे माणूस सावध. पुढचं चामडं दोन्हीकडे खरवडलेलं, म्हणजे गुडघे टेकून काम करणारा किंवा लहान मुलांशी त्यांच्या उंचीवर बोलणारा. इथपर्यंत मी खूश होतो. मग आतला सुखतळा काढला, आणि त्याखाली टाचेची गादी निघाली.

तीन थरांची गादी. घट्ट चिकटवलेली. आणि पुढची कड तिरकी छिलत छिलत अशी शून्यावर आणलेली, की पायाला पायरी लागू नये. अगं, तो काप बाजारात मिळत नाही. तो माझ्या वडिलांचा काप आहे आणि मी तो आयुष्यात दोघांनाच शिकवला. एक गेला. दुसरी तू. तुझ्या लग्नानंतरच्या थंडीत, रविवार रविवार दुकानात माझ्या शेजारी बसून, चामडं कापायच्या लहान रापीने बोट कापून घेत तू तो शिकलीस. आणि ती गादी कशी करतात तेही मीच शिकवलंय ना? माणसाला अनवाणी उभं करायचं, आपण त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसायचं, दोन्ही घोट्यांवर अंगठे ठेवायचे, आणि कुठला घोटा खाली आहे ते श्वास रोखून बघायचं. ऑफिसमधल्या ओळखीच्यांसाठी असं कुणी बसत नाही.

मला राग आला. खोटं कशाला बोलू? तुझा नाही आला, त्या नऊ नंबरचा आला. आमचा आठ नंबर चार वर्षं त्याच्या पायाच्या लाकडी साच्याच्या रूपाने माझ्या डोक्यावर खुंटीला टांगलेला आहे आणि हा कोण लेकाचा माझ्या वडिलांचा काप पायाखाली घेऊन हिंडतो, असं वाटलं. दोन आठवडे मी ते बूट फळीवर तसेच ठेवले. मग एक दिवस घेतले, आणि पोरी, पन्नास वर्षांत जे केलं नाही ते केलं. मी ती टाच मुद्दाम वाकडी बसवली. फार नाही, एक नखभर. घालणाऱ्याला कळलंही नसतं, फक्त महिन्याभराने कंबर दुखली असती. बूट पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली, आणि मला बसवेना. पुन्हा काढले आणि टाच उखडायला लागलो, तेवढ्यात तुझी सासू डबा घेऊन आली. तिने विचारलं काय झालं, मी गादी तिच्या हातात दिली. तिने ती उलटसुलट केली, कडेवरून अंगठा फिरवला, आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून थोडी रडली. मी म्हटलं, बघ, ताकाला जाऊन भांडं लपवते तुझी सून. तर माझ्यावरच उखडली. 'लपवायचं असतं तर तिच्या गल्लीतले सगळे जोडेवाले मेले होते का? तिने तुमच्याकडेच पाठवले. तोंडाने सांगता येईना म्हणून पाठवले. आणि तुम्ही बसलात टाच वाकडी करत!'

एवढी वर्षं लोकांचे तळ वाचतोय मी, पण घरातलं माणूस वाचायला तीच लागते. मी टाच नीट बसवली. माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांत ते काम येईल. बूट तुला पाठवले. पण चिठ्ठी नाही घातली. काय लिहावं ते सुचेना. उद्या लिहू, परवा लिहू, असं म्हणत राहिलो, आणि तिकडे तुला वाटलं असणार की बाबांना कळलं आणि बाबा गप्प बसले, म्हणजे रागावले. मग तू येणं टाळलंस. तुझा तो निरोप आला, 'ऑफिसात काम आहे', तेव्हा मी दुकानात बसल्या जागी घाबरलो. पोरगा गेला तेव्हा तू होतीस. तू गेलीस तर मग कुणाच्या चपला येणार माझ्याकडे? आणि लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतोय. बोटीचं जसं 'पुढच्या वर्षी' करत घालवलं, तसंच एका शब्दाचं करतोय. त्याच दुपारी मी खिळ्यांचा खण बाहेर ओढला.

तर आता ऐक. तू आमच्या घरात त्याचा हात धरून आलीस हे खरं, पण आता तू त्याच्यामुळे आमची नाहीस, तू आमचीच आहेस. त्याची आठवण तू पुसतेयस असं आम्हाला एक क्षणही वाटलेलं नाही. मला जे वाटलं ते वर लिहिलंय, तेही दोन आठवड्यांत उतरलं. खुंटीवरचा साचा खुंटीवरच राहील. पण माणसाने नेहमी आठच नंबर मोजावा असं थोडंच आहे? ज्याचा पाय दुखू नये म्हणून तू गुडघ्यांवर बसलीस, त्याला मला बघायचंय. जमिनीवर माणूस चार तास गोड वागू शकतो, पण किनारा दिसेनासा झाला, पोटात ढवळायला लागलं आणि मासा काही लागेना, की खरा माणूस बाहेर येतो. त्याच्यातून काय बाहेर येतं ते बघतो, आणि माझ्यातला म्हातारा खवीस बाहेर आला तर तोही त्याने बघून घ्यावा. त्याला समुद्र सोसत नसेल तर जबरदस्ती नाही. धक्क्यावरच्या बाकावर तुझ्या सासूशेजारी जागा आहे, तिलाही त्याला डोळे भरून बघायचंय. मी कप्तानबाईला तिसरा नंबर नऊ सांगितला. चालताना कुणाचा तोल जातो का, या तिच्या प्रश्नाला मी म्हटलं, एकाचा उजवा पाय थोडा आखूड आहे, त्याचं मी बघतो. उजव्या गमबुटात बसेल अशी नवी गादी कालच कापून ठेवलीय.

पण एक गोष्ट अडलीय आणि त्यासाठी घाईने हे पत्र. खोल समुद्रात वारा फार, म्हणून तुझी सासू लोकरीच्या टोप्या विणतेय. माझी करडी झाली, तुझी हिरवी झाली, तिसरी निळी तिने सुरू केली आणि मला विचारलं, डोकं केवढं असेल हो त्याचं? आता पायावरून माणसाचं पुष्कळ काही सांगता येतं, पण डोकं नाही सांगता येत. मी हात टेकले. तेव्हा एवढं कर. एक दोरा घे, त्याच्या कपाळावरून, कानांवरून मागे फिरव, जिथे जुळेल तिथे गाठ मार आणि पाकिटात घालून पाठव. बाकी काही लिहायला सुचलं नाही तर नको लिहूस, नुसता दोरा पाठव, आम्हाला सगळं कळेल. लवकर पाठव बाई, सुया टोपीत तशाच अडकवून ठेवल्यात आणि तुझी सासू रोज टपालाची वाट बघतेय.

तुझाच,
बाबा